काखेत सिलिंडर, गुहेला वळसा

साल १९३५. इंग्लंडमधल्या सॉमरसेट परगण्यातली वुकी होल ही गुहा. ॲक्स नदी इथे डोंगराच्या पोटातून बाहेर पडते. तिच्या काठावर, अंधारात, तुम्ही बसला आहात आणि दोघंजण तुमच्या डोक्यावर तांब्याचं शिरस्त्राण चढवतायत. अंगात रबर लावलेल्या कॅनव्हासचा जाड पोशाख, पायात शिशाच्या तळव्यांचे बूट, छातीवर आणि पाठीवर शिशाची वजनं. तोंडासमोरची गोल काच आट्यांवर घट्ट बसली की बाहेरचं बोलणं ऐकू येत नाही. उरतो तो काठावरच्या हातपंपाचा आवाज. तो पंप कुणीतरी न थांबता हाणतंय, म्हणून तुम्हाला श्वास मिळतोय.

तुमच्याजवळ सिलिंडर नाही. हवा येते ती मागून, लांबलचक नळीतून. या मोहिमेचे म्होरके ग्रॅहम बाल्कम आणि जॅक शेपर्ड, दोघेही पोस्ट खात्यातले इंजिनिअर. पोशाख सीबे गॉर्मन या कंपनीने वापरायला दिलेला. पेनेलपी पॉवेल नावाच्या बाईही त्यांच्या बरोबरीने पाण्यात उतरतात. तुम्ही उठता आणि चालत चालत नदीत शिरता. हो, चालतच, या वेषात पोहणं अशक्य. पाणी इतकं गार की पोशाखाच्या आतही बोटं आखडतात. प्रत्येक पावलाला तळाचा गाळ उठतो, आणि वळणावर नळी खडकाला घासून अडते. ती ओढून मोकळी करायची, मग पुढचं पाऊल. त्या वर्षी ही मंडळी सातव्या दालनापर्यंत पोचतात. खरं तर वाट आणखी पुढे जायला मोकळी आहे. नळी संपलेली असते.

वुकी होलमध्ये फार रेंगाळू नका. १९४३ साली फ्रान्समध्ये झाक-इव्ह कुस्तो आणि एमिल गान्यां ॲक्वा-लंग तयार करतात. श्वास ओढाल तेव्हा आणि तेवढीच हवा सोडणारं हे यंत्र. आता हवा सिलिंडरमध्ये भरून बरोबर नेता येते. उघड्या समुद्रात तो सिलिंडर पाठीवर बांधला गेला, कारण समुद्रात पाठीला काही लागत नाही. तारकर्लीला किंवा अंदमानात तुम्ही कधी बुडी मारली असेल, तर तुमच्याही पाठीवर एकच सिलिंडर होता. त्याचा व्हॉल्व्ह मानेच्या मागे. तो उघडलाय की नाही हे प्रशिक्षकाने पाहिलं. तुम्हाला तो दिसलाही नसेल. मासे पाहायला गेलेल्या माणसाचं एवढ्याने भागतं.

गुहेत भागत नाही. त्यासाठी १९६०च्या दशकात या, त्याच परगण्यातल्या प्रिडी गावाजवळच्या स्विल्डन्स होलमध्ये. इथे तुम्ही पाणबुडे नाहीच, गुहा धुंडाळणारे आहात. कोपरांवर सरपटत, धबधब्याखालून ओलेचिंब होत खाली आलात आणि वाट एकदम संपली: छत वाकून पाण्यात गेलेलं. अशा बुडलेल्या तुकड्याला इथली मंडळी सम्प म्हणतात. पहिला सम्प एवढासा, की दोर धरून, श्वास रोखून पलीकडे निघता येतं. पुढचे मात्र तसे नाहीत. म्हणजे सिलिंडर हवा; पण तो इथवर आणायचा कसा, आणि पलीकडच्या कोरड्या, चिंचोळ्या भेगेतून पुढे न्यायचा कसा? पाठीवर बांधला तर पहिल्याच फटीत तुम्ही बाटलीच्या बुचासारखे अडकून बसाल.

मग तुम्ही तेच करता जे त्या काळात ब्रिटनमधले गुहावाले करत होते. कमरेच्या जाड पट्ट्याला छोटे सिलिंडर बाजूने लटकवता, मांडीलगत. एकाला दुसरा जोडलेला नाही. दोन सिलिंडर, दोन स्वतंत्र रेग्युलेटर, म्हणजे श्वासापुरती हवा सोडणारी यंत्रं. एक बिघडला तर दुसरा आहे. सम्प संपला की पट्टा सोडायचा, सिलिंडर हातात घ्यायचे आणि पुन्हा सरपटायला लागायचं. ही युक्ती अमुक एका माणसाची असं छातीठोक सांगण्यात मला अर्थ वाटत नाही. गरज सगळ्यांचीच होती आणि पट्टाही सगळ्यांकडे होता.

पाण्यात हा प्रकार मुळीच डौलदार नाही. सिलिंडर मांडीशी, म्हणजे वजन पायांकडे. पाय खाली, डोकं वर, पोट तळाला घासतंय. पण गढूळ पाण्यात हातभर पुढचंही दिसत नाही, अंतर थोडं, आणि तुम्ही दोरी चाचपत ओढत जाताय. तरंगायचंय कुणाला?

तरंगायची गरज पडते ती अटलांटिक ओलांडल्यावर. उत्तर फ्लोरिडा, १९८०च्या आसपास. सुवानी नदीच्या खोऱ्यात डासांच्या गर्दीत एक पिकअप उभा आहे. त्याचं मागचं फळकूट खाली पाडलेलं, त्यावर दोन पोलादी सिलिंडर, एक सुरी आणि सायकलची जुनी ट्यूब. समोर झऱ्याचं कुंड, निळसर आणि आरपार. पाणी २२ अंश, बारा महिने. या कुंडाच्या तळाशी जी वाट आत जाते ती कोरड्या दालनात उघडत नाही. ती किलोमीटर किलोमीटर पाण्याखालीच असते, आणि तिच्या तळावर इतका बारीक गाळ साठलेला असतो की पायातल्या परांचा एक चुकीचा फटकारा बसला तर पाण्याचं दूध होतं. परतीची दोरी डोळ्यांसमोर असून दिसत नाही. इथे पाय खाली सोडून चालणार नाही. शरीर तळाला समांतर पाहिजे, टाचा वर, गुडघे वाकलेले.

वुडी जॅस्पर, वेस स्काइल्स, लमार हायर्स ही या भागातली मुलं त्या काळात नेमकं हेच डोकं लढवत होती. पाठीवर जोडसिलिंडर घेऊन मोठ्या बोगद्यांतून फिरून झालं होतं. उरल्या होत्या त्या बसक्या, रुंद फटी, जिथे छत आणि तळ यांच्यात माणसाच्या छातीएवढीच जागा. पाठीवरचे सिलिंडर त्यात जात नाहीत. ब्रिटिशांसारखे मांडीला लटकवले तर पाय गाळात. मग सिलिंडर वर सरकले, बरगड्यांलगत, मान काखेत.

सुरी घ्या. ट्यूबचा एक लांब तुकडा कापा. एक टोक पाठीवर, दोन खांद्यांच्या मध्ये हार्नेसला, म्हणजे अंगावरच्या पट्ट्यांना बांधा, दुसरं काखेखालून पुढे आणून छातीवरच्या कडीला. मधल्या रबराचा वेढा सिलिंडरच्या मानेवर, व्हॉल्व्हच्या नॉबमागे घालायचा. खाली सिलिंडरच्या बुडाकडे पोलादी पट्टा, त्याला स्प्रिंगची कडी, आणि ती नितंबावरच्या रिंगमध्ये अडकवायची. बस, एवढंच सामान. साइडमाउंटचं, म्हणजे सिलिंडर असे बाजूला अडकवण्याचं, सगळं शास्त्र या दोन टेकूंत आहे: वरचा रबराचा, ताणणारा, खालचा कडीचा, न हलणारा.

कुंडात कमरेएवढ्या पाण्यात उतरा आणि पालथे व्हा. सोबती वर तरंगत तुमच्याकडे पाहतोय. तुम्हाला वाटतं सगळं झकास बसलंय. तो बोटाने खुणावतो: डावा सिलिंडर नाक खाली करून लोंबतोय. रबर सैल. बाहेर या, गाठ दोन बोटं आत घ्या. पुन्हा उतरा. आता रबर इतकं आवळलंय की व्हॉल्व्ह काखेत रुततोय आणि कोपर मागे जात नाही. पुन्हा बाहेर.

मग पट्ट्याची पाळी. खालची कडी अडकते ती जागा पक्की असते. त्यामुळे पट्ट्यापासून व्हॉल्व्हपर्यंत जेवढं अंतर, तेवढा व्हॉल्व्ह पुढे येणार. पट्टा सिलिंडरच्या तळाकडे सरकवलात तर व्हॉल्व्ह खांद्याच्याही पुढे डोकावतो आणि पहिल्या खडकाला तोच आपटतो. पट्टा मानेकडे घेतलात तर व्हॉल्व्ह बरगड्यांपाशी मागे राहतो आणि रबर नॉबवरून निसटायला पाहतं. उंच माणसाची आणि बुटक्या माणसाची खूण वेगळी, हे ओघाने आलंच. म्हणून दुसऱ्याचा तयार सेट अंगावर चढवून पाण्यात उडी मारणाऱ्यांचं मला नेहमी नवल वाटतं.

तिसरी गोष्ट सगळ्यात उशिरा कळते. सिलिंडर गोल आहे. तो स्वतःभोवती फिरू शकतो. कडी त्याच्या घेरावर कुठे बसलीय यावर तो किती फिरणार ते ठरतं. पट्टा ढिला करून कडी अंगठाभर डावी-उजवीकडे न्या आणि पुन्हा आवळा: व्हॉल्व्हचं तोंडही तेवढंच फिरतं. नॉब बाहेरच्या अंगाला हवा, हात जाईल तिथे. रेग्युलेटरचा धातूचा गड्डा आत, छातीच्या आडोशाला. उलट बसला तर नॉब तुमच्या फासळीत आणि गड्डा खडकाच्या वाटेत. यासाठीच पुढे डाव्या सिलिंडरला डावा आणि उजव्याला उजवा, आरशातल्या प्रतिमेसारखे व्हॉल्व्ह वापरायची पद्धत पडली.

सोबती अंगठा आणि तर्जनीचं वर्तुळ करून दाखवतो. ठीक. या पोरांनी गॅरेजात केलेली ही शिवणटिपण बाजारात यायला १९९०चं दशक अर्धं सरावं लागलं. लमार हायर्सच्या डाइव्ह राइट कंपनीने हार्नेस विकायला काढला तेव्हा. तोवर हे काम घरगुतीच होतं.

हवेचा हिशेब मात्र लेखी होता. शेक एक्सली या गुहा-पाणबुड्याने १९७९ साली गुहेतल्या बुड्यांवर छोटं पुस्तक काढलं, त्यातला तिसऱ्या हिश्श्याचा नियम तुम्हाला तोंडपाठ आहे: एक हिस्सा जायला, एक यायला, एक संकटासाठी. २१० बार दाबाची हवा भरली असेल तर १४० वर परत फिरा. साइडमाउंटमध्ये हा हिशेब दोन सिलिंडरांसाठी वेगवेगळा ठेवावा लागतो, कारण ते एकमेकांना जोडलेले नसतात. तीसेक बार उजव्यातून, मग रेग्युलेटर बदलून तीसेक डाव्यातून, पुन्हा उजवा. कावडीच्या एकाच घागरीतलं पाणी वापरत राहिलात तर कावड कलंडणार.

आता २००७. मेक्सिकोचं युकातान. तुलुमच्या जंगलात लाकडी जिना उतरून तुम्ही सेनोटेच्या कडेला येता. सेनोटे म्हणजे चुनखडीचं छत कोसळून उघडं पडलेलं कुंड. पाणी २५ अंश, आणि इतकं स्वच्छ की ते आहे हे हात घातल्यावरच समजतं. याच वर्षी जानेवारीत स्टीव्ह बोगार्ट्स आणि रॉबी श्मिटनर या पाणबुड्यांनी साक आक्तुन आणि नोहोच नाह चिच या दोन गुहा आतून एकच असल्याचं दाखवलं. बोगार्ट्सने अशाच अरुंद वाटांसाठी रेझर नावाचा अगदी सडपातळ हार्नेस बनवला. पट्टे, थोड्या रिंगा, पाठीवर अवजड काही नाही.

गुहेच्या तोंडाशी पाटी आहे, तिच्यावर कफनीतला यमदूत. प्रशिक्षण नसेल तर इथूनच मागे फिरा, असा तिचा मतलब. तुम्ही प्रशिक्षण घेतलंय असं धरून चालू.

सिलिंडर इथे ॲल्युमिनियमचे, ११.१ लिटरचे. फ्लोरिडाचं पोलाद भरलेलं असो की रिकामं, बुडतंच. ॲल्युमिनियम तसं नाही. भरलेला असताना हा सिलिंडर किलोभरापेक्षाही कमी वजनाने बुडता असतो. आतल्या हवेचंच वजन पावणेतीन किलोच्या घरात. ती संपली की तो दोनेक किलोंनी वर ओढू लागतो. व्हॉल्व्ह आणि रेग्युलेटर पितळेचे, जड. म्हणून सगळा उठाव बुडाकडे. बुडीच्या सुरुवातीला बरगड्यांशी शिस्तीत पडून असलेला सिलिंडर अर्ध्या वाटेत शेपूट वर करतो.

तुम्ही आत आहात. पांढरे स्तंभ, त्यांच्यामधून गेलेली बारीक दोरी, तुमच्या टॉर्चचा झोत. अधोमुखी लवणस्तंभ, शाळेच्या भूगोलात वाचलेले, इथे सुतळीएवढ्या जाडीचे छतापासून लोंबतायत. नितंबामागे काहीतरी हलकं झाल्यासारखं वाटतं. मान वळवून मांडीखालून पाहता: डाव्या सिलिंडरचं बूड छताकडे निघालंय आणि तिथून वीतभरावर त्या सुतळ्या.

डावा हात मागे न्या. कडीचा खटका अंगठ्याने दाबा. रिंगमधून ती सुटते; सिलिंडर क्षणभर फक्त रबरावर आहे. बूड तळहाताने खाली दाबत कडी पुढे आणा, कमरेच्या पट्ट्यावर, जांघेच्या थोडी वर जी दुसरी रिंग आहे तिच्यात. खट्. बूड खाली खेचलं गेलं, सिलिंडर पुन्हा फासळ्यांना समांतर. उजवीकडे तेच. निम्मी हवा सरली की हे करायचं असतं, आणि ते न पाहता, न थांबता, उंची न बदलता करता यायला हवं.

एवढी धडपड कशासाठी, हे बघायचं तर सिलिंडर इथेच सोडा आणि वीसेक हजार वर्षं मागे जा. शेवटचं हिमयुग. पृथ्वीचं पाणी बर्फात अडकलेलं, समुद्र आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली. तुम्ही उभे आहात तीच गुहा, पण कोरडी. तोंडातला रेग्युलेटर काढा, इथे हवाच हवा. छतातून थेंब झिरपतो, टोकाशी थांबतो, चुन्याचा किंचितसा कण मागे ठेवून पडतो. मग पुढचा थेंब. ते लवणस्तंभ असे वाढतायत, हवेत. हजारो वर्षांनी बर्फ वितळायला लागेल, समुद्र वर चढेल, पण गुहा पाण्याने भरायच्या आधी इथे माणसंही येऊन जातील. २००७ सालीच पाणबुड्यांना ओयो नेग्रो नावाच्या बुडालेल्या खड्ड्यात एका किशोरवयीन मुलीचा सांगाडा सापडला. वय बारा ते तेरा हजार वर्षांच्या आसपास. तिला नाया असं नाव दिलं गेलं. तिच्या जवळपास हत्तीच्या कुळातल्या आणि महाकाय स्लॉथसारख्या नामशेष प्राण्यांची हाडं होती. ती मुलगी तिथवर पायी गेली होती.

परत पाण्यात या. त्या सुतळीएवढ्या लवणस्तंभाला सिलिंडरचं बूड लागलं, तर तो तुटेल आणि पुन्हा कधीही येणार नाही, कारण थेंब पडायला आता हवा नाही. कडी पुढच्या रिंगमध्ये घ्यायला आळस केला, त्याची किंमत ही.

पुढे वाट खाली उतरते आणि गोड्या पाण्याचा थर संपून खारं पाणी लागतं. दोन्ही मिसळतात तिथे समोरचं सगळं थरथरतं, अक्षर वाचता न येण्याइतकं. खारं पाणी जड, म्हणून तुम्ही साहित्यासकट दोन-तीन किलोंनी हलके झालात. तरंगणं सांभाळणाऱ्या, हार्नेसवरच्या फुग्यातली हवा थोडी सोडा. सिलिंडरकडे पुन्हा एकदा बघा.

आणि इथेच, छातीएवढ्या फटीत, उजव्या बाजूला बुडबुड्यांचं वादळ उठतं. रेग्युलेटर अडकून हवा सुसाट सुटलीय. पाठीवर सिलिंडर असता तर मानेमागे हात नेऊन, आंधळेपणाने, कुठला व्हॉल्व्ह ते ओळखावं लागलं असतं, तेही छताला हात न लावता. इथे मान थोडी झुकवली की दिसतं. डावा रेग्युलेटर तोंडात. उजवा हात छातीजवळ, नॉब घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, घट्ट होईपर्यंत. वादळ थांबतं. त्या सिलिंडरमध्ये अजून हवा आहे आणि परतीला ती लागणार. म्हणून तो रेग्युलेटर तोंडात घेऊन श्वास ओढताना नॉब किंचित उघडायचा, सोडताना बंद करायचा. उघड, श्वास, बंद. हात दुखतो, पण हवा वाया जात नाही. फ्लोरिडात पट्टा अंगठाभर फिरवून नॉब बाहेरच्या अंगाला आणला होता तो या घटकेसाठी. दुसऱ्या कुणाची हवा संपली, तर उजव्या सिलिंडरची दोन मीटर लांब नळी त्याला द्यायची म्हणजे फटीतून एकामागोमाग निघता येतं. पण आज तुम्हीच अडचणीत आहात, आणि तिसरा हिस्सा शिल्लक आहे.

दोरी धरून बाहेर या. त्याच साक आक्तुनला २०१८च्या जानेवारीत दोस ओखोस ही शेजारची गुहा जोडलेली निघाली आणि मोजलेली लांबी ३४७ किलोमीटर झाली. त्यातल्या बऱ्याचशा वाटा पाठीवर सिलिंडर घेऊन गेलेल्या माणसाला दिसल्याही नसत्या.

आज साइडमाउंट गुहेपुरतं राहिलेलं नाही. पाठदुखीवाले, गुडघेदुखीवाले, एकेक सिलिंडर हाताने पाण्यात नेऊन तिथेच अडकवणारे लोक उघड्या समुद्रातही ते वापरतात, आणि यात गैर काही नाही. गैर आहे ते फोटोत ऐटदार दिसतं म्हणून दोन सिलिंडर लटकवून, नॉब कुठल्या दिशेला आहे हे न बघता उतरणं. आणखी एक चुकीची पद्धत तर प्रशिक्षण देणाऱ्यांतही दिसते: पट्टा, रबर, कड्या सगळं भरलेल्या सिलिंडरवर जुळवून देतात. भरलेला सिलिंडर नीटच बसतो. त्याला उठावच नसतो. तेव्हा हार्नेस अंगावर बसवून घ्यायला तरणतलावावर जाल, तेव्हा प्रशिक्षकाकडून ५० बार उरलेले सिलिंडर मागून घ्या. त्यांच्यावर कड्यांच्या जागा ठरवा, पट्ट्याची जागा सिलिंडरवर मार्करने आखून ठेवा, आणि डोळे मिटून दोन्ही नॉब बंद करून पुन्हा उघडता येईपर्यंत खोल पाण्याकडे जाऊ नका.